कोंडवाड्यातून बोललेली बाई

मी सून म्हणून ज्या गावात आले, ते शिरपूरहून रिसोडकडे जाणाऱ्या रस्त्यापासून जरा आत आहे. माहेर माझं जऊळक्याचं. वडील रेल्वेत रूळ दुरुस्त करणाऱ्या गँगमध्ये होते आणि आमचं घर रुळांच्या पलीकडे. त्यांना जेवायला बोलवायचं असलं की आई मला अंगणात उभी करायची, कारण माझी हाक रूळ ओलांडून, गाडी उभी असली तर गाडीही ओलांडून, थेट त्यांच्यापर्यंत जायची. "या पोरीले भोंगा लागत नाही," असं शेजारी म्हणायचे. आणि लग्न झालं ते एका भोंगेवाल्याशीच.

माझा नवरा रिसोडला एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात हाताखाली राहून शिकला होता. मग त्याने स्वतःचं जुनं मशीन घेतलं. मशीन म्हणजे आवाज मोठा करणारा तो जड डबा. त्याच्यासोबत दोन भोंगे, एक माईक आणि बॅटरी. सायकलला हे सगळं बांधून तो गावोगाव लग्नात, जयंतीला, सप्ताहाला जायचा. आमची बौद्धांची वस्ती गावाच्या खालच्या अंगाला. वरच्या गावातल्या लग्नात त्याच्या मशीनला मांडवात मानाची जागा असायची आणि त्याचं ताट मात्र मांडवाबाहेर. तो त्यावर फारसं बोलत नसे. "आवाज आपला आत हाये ना, मंग झालं," एवढंच म्हणायचा.

पुढे ग्रामपंचायतीने स्वतःचं मशीन आणलं तेव्हा तारा ओढायला त्यालाच बोलावलं. पंचायतीच्या खोलीतून तार निघायची, कोंडवाड्यामागच्या खांबावर यायची, आणि तिथून दोन फाटे फुटायचे. एक चावडीवरच्या भोंग्याला, दुसरा बाजाराच्या ओट्यावरच्या भोंग्याला. आमच्या वस्तीत भोंगा नव्हता, पण वारा वरून असला की ऐकू यायचं. त्या माईकवर गावातले गुरुजी बोलायचे. ते दुसऱ्या तालुक्यातले, बायको-मुलं तिकडेच, इथे देवळाजवळ एक खोली घेऊन राहत. त्यांचं बोलणं स्वच्छ म्हणून पाटलांनी, म्हणजे आमच्या सरपंचांनी, ते काम त्यांच्याकडे दिलं होतं. सकाळी रेडिओवरच्या बातम्या झाल्या की गुरुजी गावच्या सूचना सांगायचे. गुरं मोकाट सोडू नका, उद्या लस टोचायला येणार आहेत, असलं काही.

आमच्या लग्नाला वरच्या गावातून गुरुजी तेवढे जऊळक्याला आले होते. पंगतीत बसून जेवलेही. सासूबाई ही गोष्ट कितीतरी दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होत्या.

ते आणीबाणीचे दिवस होते. खेड्यात आणीबाणी म्हणजे काय हे आम्हाला पेपरातून कळलं नाही, नसबंदीच्या कॅम्पवरून कळलं. गुरुजींना, तलाठ्याला, ग्रामसेवकाला, सगळ्यांना अमुक इतक्या 'केसेस' आणा असा हुकूम. नाही आणल्या तर पगार बंद. आमचे गुरुजी शाळा सुटली की घरोघर फिरायचे. चटईवर बसायचे, पाणी प्यायचे, विषय काढायचे आणि निम्म्यात सोडून मुलांच्या अभ्यासावर यायचे. त्यांना ते जमतच नव्हतं.

तुरी सोंगणीला आल्या होत्या तेव्हाची गोष्ट. नवरा एका शेजारगावी कॅम्पचा लाऊडस्पीकर लावायला गेला होता. दुपारी परत आला तो सायकल भिंतीला टेकवायची विसरून तशीच आडवी टाकून आत आला. मी भाकरी टाकत होते, सासूबाई शेंगा निवडत होत्या.

"काय झालं?" मी विचारलं.

"साखर वाटतो म्हनून दवंडी देली तेथं," तो म्हणाला. "लोकं थैल्या घेऊन आले. शाळेत गेले तं आत खाटा. दरवाजावर मानसं उभे. एक पोट्टं तं असं होतं, हळद निघाली नाही त्याची. त्यालेबी बसवलं. म्या माह्या डोयानं पाह्यलं."

सासूबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"आता आपल्या गावात हाये," तो पुढे म्हणाला. "परवा. शाळेत भोंगा लावाले मलेच सांगतलं. अन् गुरुजी सकाळी पुकारनार, रॉकेल आलं, सगळ्या गड्यायनं शाळेत या म्हनून. पाटलानंच तसं ठरवलं. उद्या कोतवालबी दारोदार तेच सांगत फिरनार."

घासलेटाची तेव्हा मारामार होती. चिमणी पेटवायला तेल नसायचं. घासलेट म्हटलं की अख्खं गाव डबे घेऊन धावलं असतं, आणि आमची वस्ती सगळ्यात पुढे.

मी म्हटलं, "मंग घरोघरी जाऊन सांगा."

"सांगन. आपल्या वस्तीत सांगन. वरच्या गावात माह्यं कोन आयकनार? अन् कोनी सांगतलं हे पाटलाले कळलं तं पोलीस मले उचलूनच नेते."

त्याने उठून दार लोटून घेतलं. मग हळूच म्हणाला, "कोंडवाड्याजवळ तार तोडली अन् आपलं मशीन जोडलं, तं दोन्ही भोंगे आपले."

त्यावर आमच्या घरात जे भांडण झालं ते अजून माझ्या कानात आहे. भांडण मोठ्या आवाजातलं नव्हतं. शेजारी ऐकू नये म्हणून सगळे कुजबुजत भांडत होते, आणि कुजबुजत भांडणं फार अवघड असतं.

सासूबाई विरोधात होत्या. "दुसऱ्याच्या घरात घुसून खरं बोललं तरी घुसनं ते घुसनंच," त्या म्हणाल्या. "पंचायतनं तुह्यावर भरोसा टाकला, तुले तार ओढाले लावली. तूच तोडशीन तं उद्या आपल्या मानसाले कोन काम देईन?"

नवऱ्यालाही तेच खात होतं. कोणतीही तार तोडणं त्याला जिवावर यायचं, आणि ही तर त्याने स्वतः ओढलेली. पण त्याच्या डोळ्यांसमोर ते हळदीचं पोरगं होतं. आणि आमचंही लग्न होऊन वर्ष झालं नव्हतं, हे कोणी बोललं नाही तरी तिघांनाही ठाऊक होतं.

"पन बोलन कोन?" सासूबाईंनी विचारलं. "तुहा आवाज तं सारं गाव ओळखते. हॅलो हॅलो करत फिरतं तू."

तेव्हा दोघांनीही माझ्याकडे पाहिलं. नव्या सुनेचा आवाज वरच्या गावात कोणीच ऐकलेला नव्हता. विहिरीवर मी मान खाली घालून जायची, दुकानात सासूबाई बोलायच्या.

"मी बोलतो," मी म्हटलं. भीती वाटली नाही असं नाही, पण खरं सांगायचं तर थोडा आनंदही झाला. जऊळका सोडल्यापासून मी मोकळ्या गळ्याने कोणाला हाकच मारली नव्हती.

मग काय बोलायचं यावर नवऱ्याची आणि माझी जुंपली. तो म्हणाला, "सांग का ऑपरेशननं मानूस मरते. शेजारच्या गावात दोघं मेले म्हनाव. मंग एकबी जानार नाही."

"मेले का दोघं?"

"नाही. पन तसं सांगतल्याशिवाय लोकं घासलेट सोडनार नाहीत."

मी पीठ मळता मळता थांबले. "त्यायनं खोटं घासलेट सांगतलं, आपन खोटं मरन सांगाव? मंग त्यायच्यात अन् आपल्यात काय राह्यलं?"

"काम झालं पाह्यजे, बाई."

"काम झालं अन् उद्या लोकायले कळलं का कोनी मेलं नाही, तं दुसऱ्या वक्ताले आपलं खरंबी कोनी आयकनार नाही."

तो चिडून बाहेर गेला. परत आला तेव्हा म्हणाला, "तुह्या तोंडापाशी माईक राहीन. तुले पाह्यजे ते बोल." सासूबाईंनी तोवर होकार दिलेला नव्हता, पण कॅम्पच्या सकाळी त्यांनीच मशीनवर वाळलेल्या तुराट्यांचा भारा रचून दिला आणि स्वतः डोक्यावर घेऊन कोंडवाड्यापर्यंत आल्या. मशीन वजनाला काय होतं ते उचलणाऱ्यालाच माहीत. त्यांनी हूं की चूं केलं नाही.

कोंडवाड्यात त्या दिवशी एकच म्हैस होती. चारी बाजूंनी मातीची भिंत, आत शेणाचा वास, आणि मी कोपऱ्यात उकिडवी बसले, मांडीवर माईक. नवरा खांबावर चढला होता. रस्त्यावरून कोणी पाहिलं असतं तरी काय, तो त्या खांबावर नेहमीच चढायचा. बातम्या संपल्या. गुरुजींचा आवाज आला, "सर्व ग्रामस्थांना कळविण्यात येते की..." आणि तुटला. नवऱ्याने वरून हात हलवला.

मी बोलले. वाक्यं मला अजून जशीच्या तशी आठवतात, कारण ती फार नव्हती. "आयका हो गाववाले. शाळेत घासलेट नाही. शाळेत नसबंदीचा कॅम्प हाये, खाटा लागल्या हायेत. ज्याले करायची त्यानं समजून-उमजून जा. ज्याले नाही करायची त्यानं घासलेटापायी जाऊ नका. घासलेट नाही, कॅम्प हाये." हेच मी पुन्हा एकदा म्हटलं.

माझाच आवाज चावडीवरून आणि बाजारातून, दोन बाजूंनी, जरा मागेपुढे होऊन माझ्याकडे परत येत होता. म्हशीने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मला हसू आलं आणि ते भोंग्यातून जाऊ नये म्हणून मी पदर तोंडात कोंबला. तेवढ्यात नवरा खाली उतरला, जोड उपटला, जुनी तार जोडली. आम्ही मशीन तुराट्यांत घालून निघालो तेव्हा गुरुजींचा आवाज पुन्हा सुरू झाला होता. पंचायतीच्या बंद खोलीत बसल्यामुळे आपलं बोलणं मधे बाहेर गेलंच नाही हे त्यांना ठाऊकच नव्हतं, ते शांतपणे पुढच्या सूचना सांगत होते.

त्या दिवशी शाळेत घासलेटाचे डबे घेऊन कोणी गेलं नाही. पण अगदीच कोणी गेलं नाही, असंही झालं नाही. वरच्या गावातला एक कास्तकार, पदरी सहा लेकरं, सगळ्यांसमोर धोतर सावरत गेला. त्याची बायको मागे चालत होती. वाटेत कोणी हटकलं तर ती म्हणाली, "आमाले समजून-उमजून जायचं हाये." आमच्या वस्तीतलेही दोघे-तिघे गेले. नवरा चकित झाला. त्याच्या हिशेबात सगळ्यांनी पळायला हवं होतं.

गावात मात्र धमाल उडाली. बोलली कोण? एकजण म्हणे रिसोडची नर्स होती. एका म्हातारीने ठरवून टाकलं की ती मरीमाय, आणि कोंडवाड्याच्या भिंतीला हळदकुंकू लावून आली. पाटील मात्र संतापले होते. त्यांनी माझ्या नवऱ्याला बोलावलं, कारण तारेतलं कळणारा गावात तोच.

"काहून रे," ते म्हणाले, "लाइनीत बाई कशी शिरली?"

"तार उघडी हाये ना पाटील," नवरा म्हणाला. "उघड्या तारेत कोनीबी शिरू शकते."

"मंग बंद कर ते."

आणि नवऱ्याने खांबावर पत्र्याचा डबा बसवला, त्याला कुलूप लावलं. किल्ली पाटलांकडे दिली. त्याबद्दल पंचायतीने त्याला शाबासकी दिली. घरी येऊन तो इतका हसला की सासूबाईंनी त्याच्या पाठीत धपाटा घातला.

हसू फार टिकलं नाही. गुरुजींच्या केसेस भरल्या नाहीत, आणि त्यांच्या माईकवर हे घडलं म्हणून संशयही त्यांच्यावरच. त्यांचा पगार थांबला. ते आले-गेलेल्याशी नेहमीसारखे बोलत, पण शाळेत जाताना त्यांच्या पायात चपलेऐवजी जुना फाटका बूट दिसू लागला, आणि त्यांच्या खोलीतून धूर दिवसातून एकदाच निघायला लागला. मला चैन पडेना. आम्ही ज्यांना वाचवायला निघालो त्यांत गुरुजी नव्हतेच, पण मार त्यांना बसला. नवऱ्याला म्हटलं, "जाऊन सांगू, आमी केलं म्हनून."

आम्ही दोघं त्यांच्या खोलीवर गेलो. गुरुजी वह्या तपासत होते. मी तोंड उघडायच्या आतच ते म्हणाले, "ये बाई. आवाज मी त्याच दिवशी ओळखला."

"कसा?"

"तुझ्या लग्नात बुद्धवंदना तू म्हटलीस. याच्याच मशीनवर. त्या सकाळी शाळेत जाताना लोक सांगत होते कोण बोललं, काय बोललं, कसं बोललं. शब्दन् शब्द नक्कल करून सांगत होते, आणि त्या नकलेतही तुझी शब्द ओढून म्हणायची ढब होती. शाळेच्या दारात मला कळलं."

नवरा म्हणाला, "गुरुजी, आमी पाटलाले सांगतो. तुमचा काई कसूर नाही."

गुरुजींनी पेन खाली ठेवलं. "सांगून माझा पगार सुरू होणार नाही. केसेस कमीच राहिल्यात. फक्त तू जेलात जाशील. मग त्याचा उपयोग काय? त्या माईकवर 'रॉकेल' म्हणायला मला सांगितलं, आणि मी म्हटलंही. नाही म्हणण्याची माझी छाती नव्हती. तुम्ही तार तोडली म्हणून ते माझ्या तोंडून गावापर्यंत गेलं नाही. एवढं माझ्यासाठी पुष्कळ आहे."

"पन तुमी खाता काय?" मी विचारून टाकलं.

ते हसले. "ते मात्र बघावं लागेल."

दुसऱ्या दिवसापासून सासूबाईंनी त्यांच्याकडे भाकरी आणि भाजी पाठवायला सुरुवात केली. मला वाटलं, वरच्या गावात यावरून बोंब होईल. झाली नाही. उलट, तो सहा लेकरांचा कास्तकार एक पोतं ज्वारी स्वतः टाकून गेला. कोणी तुरीची डाळ, कोणी अंबाडीची भाजी, कोणी ताक. हळूहळू असं झालं की कोणत्या दिवशी कोणाकडून, याची बायकांमध्येच वाटणी झाली, आणि त्या वाटणीत आमच्या घराचाही दिवस होता. वरच्या गावातल्या बायका गुरुजींच्या दारात आमच्या सासूबाईंशी बोलत उभ्या राहू लागल्या. एकदा अंबाडीची भाजी कशी करतात यावरून दोन बायकांची बाचाबाची झाली, तीही गुरुजींच्या दारात, आणि गुरुजी आत बसून दोन्ही भाज्या खात होते.

उन्हाळ्यापूर्वी निवडणूक झाली, सरकार बदललं. गुरुजींचा पगार सुरू झाला, थांबलेलाही मिळाला. त्यांनी पहिल्या पगारात सासूबाईंना लुगडं आणलं. सासूबाई नको नको म्हणाल्या आणि रिसोडच्या बाजाराला तेच नेसून गेल्या.

माझी नात पुण्यात कॉम्प्युटरचं काम करते. मागे ती सांगत होती की काही लोक सरकारच्या, कंपन्यांच्या कॉम्प्युटरमध्ये घुसतात आणि तिथे आपलं म्हणणं लिहून ठेवतात, किंवा लपवलेलं बाहेर काढतात. चोरी नाही करत, म्हणे, राजकारणासाठी करतात. तिने मला विचारलं, हे बरोबर का? मी तिला ही गोष्ट सांगितली. ती म्हणाली, आजी, म्हणजे तू हॅकर होतीस. मी म्हटलं, मी कोंडवाड्यात बसलेली बाई होते. पण तिच्या प्रश्नाचं उत्तर मला एका दमात देता आलं नाही. सासूबाईंचं म्हणणं मला आजही खोटं वाटत नाही. घुसणं ते घुसणंच. भोंगा आमच्या वस्तीत असता, आम्हाला पंचायतीत बोलू दिलं असतं, तर मी कशाला शेणात बसले असते? आणि घुसल्यावर तिथे काय ठेवून यायचं, हेही आपल्याच हातात असतं. आम्ही मरणाची अफवा ठेवून आलो असतो तर तो कास्तकार गेला नसता, आणि कदाचित गुरुजींच्या दारात ज्वारीचं पोतंही आलं नसतं. पण शेजारच्या गावात त्या हळदीच्या पोराचं काय? तिथे आमची तार नव्हती. ते मला अजून सलतं.

नवऱ्याचं मत शेवटपर्यंत वेगळंच राहिलं. तो म्हणायचा, त्या दिवशी लोक घासलेटाला भुलले नाहीत ते माझ्या बोलण्याने नाही, बाईचा आवाज ऐकून. भोंग्यातून बाई बोलते हेच गावाला इतकं नवल वाटलं की शाळेकडे जायचं सोडून सगळे चावडीवर भोंग्याकडे पाहत उभे राहिले. मी म्हणायची, मंग ते कास्तकाराचं 'समजून-उमजून' कुठून आलं? यावर तो चहा मागायचा.

गुरुजींची पुढे बदली झाली. जायच्या आधी त्यांनी पाटलांना सांगितलं की सूचना सांगायला खालच्या वस्तीतली एक सातवी पास सून आहे, तिचा आवाज चांगला आहे. पाटील माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिले. त्यांना कळलं की नाही, ते मला आजतागायत कळलेलं नाही. मग ते म्हणाले, "सकाळी बातम्या झाल्या का येत जा. अन् चहा पिऊन येत जा, तेथं कोनी देत नाही."

मी बरीच वर्षं त्या माईकवर बोलले. पोलिओचा डोस, बाजाराचा दिवस बदलला, कोणाची पाळीव बकरी हरवली. पहिल्या सकाळी मी घरातून निघाले तेव्हा सासूबाई दारात उभ्या होत्या आणि वारा वरून आमच्या वस्तीकडे वाहत होता.